नाल्याकाठचं अळू

शाळेची मुलं पहिल्यांदा आमच्या नाल्यात उतरली तेव्हा मी अळवात उभा होतो. लुंगी वर खोचलेली, हातात कोयता. चाळीच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, तिथून एकेक टोपी खाली यायला लागली. टोप्या, गमबूट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. शेवटी एक तरुण बाई, तीही गमबुटात, खांद्यावर दोरीचं वेटोळं. मला वाटलं कोणी वाहून गेलंय, शोधायला आलेत.

"कोण गेलं?" मी ओरडून विचारलं.

"कोणी नाही हो आजोबा. आम्ही नदी बघायला आलोय."

"मग इथं कुठं? हा नाला आहे."

"हीच नदी."

मी मागं वळलो. काही नवीन आलंय का म्हणून खरंच बघितलं. नालाच होता. राखाडी पाणी, मधल्या दगडाला अडकलेलं गादीचं फोम, पलीकडच्या भिंतीतून बाहेर आलेले पाईप. एका पाईपातून कोणाच्या तरी धुण्याचा फेस पडत होता.

नदी कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवायची गरज नाही. माझं शिक्षण चौथीवर थांबलं ते नदीमुळेच. आमच्या गावात पाचवीची शाळा पलीकडच्या काठावर होती, आणि पावसाळ्यात तर होडीवाला नेईल तेव्हा नेईल. बापाने एक पावसाळा वाट बघितली आणि म्हणाला, राहू दे, तू मुंबईला जा. जी माणसाची शाळा सोडवते ती नदी, असं माझं साधं गणित. हा नाला तर मांजर उडी मारून ओलांडतं.

त्या टोप्यांत माझी नात होती. आठवीत आहे. मी तिच्याकडे बघितलं, तर ती आपल्या गमबुटांकडे बघत होती. मला ओळखतच नव्हती जणू. मीही मग ओळख दाखवली नाही. ती हट्टी, तर मी तिचा आजा.

आमची चाळ बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी गिरणीत होतो. गिरणी बंद पडल्यावर मरोळला एका कारखान्यात पत्र्याचे डबे केले. तेही सुटलं आणि घरी बसलो. घरी बसणं मला जमत नाही. मागं नाल्याच्या वळणावर गाळ साचून जरा जागा झाली होती. गावाहून अळवाचे कंद पिशवीत घालून आणले आणि तिथं लावले. जमीन कोणाची, मला माहीत नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अळू असं लागलं की बघत राहावं. पान सुपाएवढं, देठ मनगटाएवढा. आणि घशाला खाजत नाही, हे महत्त्वाचं. बाजारातलं अळू कितीही चिंच घाला, कधीतरी दगा देतंच. माझं नाही.

आमच्याकडे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी असते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरटीचं नको, म्हणून भातसुद्धा नको. माणसाच्या हातचं, परसात आपलं आपण उगवलेलं, त्याचीच भाजी करायची. अळू, भोपळा, शिराळी, माठ, काकडी, मक्याचं कणीस, सगळं एकत्र. तिला ऋषीची भाजी म्हणतात. गावात हे सोपं आहे, दार उघडलं की परस. मुंबईत परस कुठून आणणार? बाजारातल्या भाजीमागे बैल होता का ट्रॅक्टर होता, भाजीवाल्याला विचारलं तर तो आपल्याकडे वेड्यासारखा बघतो.

म्हणून माझं अळू. गणपतीला अर्धी चाळ गावी जाते. उरलेल्या बायका चतुर्थीच्या दुपारी माझ्याकडे येतात. ज्यांना गावी जाता आलं नाही त्यांचं तेवढंच गाव. आणि पंचमीला समोरच्या खोलीतली वहिनी पहिली वाटी आमच्याकडे आणते, मी पहिला घास घेतो, "यंदाचं साधलं" म्हणतो, आणि मग ती बाकीच्या वाट्या वाटायला जाते. हे कोणी ठरवलं नव्हतं. पडत गेलं तसं. पण आता ते माझं आहे.

तर त्या दिवशी बाईने मुलांना काठावर बसवलं. मी कोयता चालवत होतो, पण कान तिकडे. तिने एक कागद चुरगाळला, पुन्हा अर्धवट उघडला आणि दगडावर ठेवला. झाला डोंगर. त्याच्या कडांवर मुलांकडून शाईच्या रेघा मारून घेतल्या, अधेमधे लाल ठिपके दिले. ठिपके म्हणजे आपली घरं. मग फवाऱ्याने वरून पाणी मारलं. निळी शाई आणि लाल शाई ओघळत ओघळत एकाच घडीत येऊन साचली.

"एवढ्या भागावर पडलेलं पाणी शेवटी या एकाच वाटेला लागतं," बाई म्हणाली. "याला पाणलोट म्हणतात. आपण सगळे या पाणलोटात राहतो."

मला राहवेना. "माझ्या पत्र्यावरचं पाणीपण?"

"हो आजोबा."

"मोरीतलं?"

"ते तर आधी."

"वरच्या गल्लीत तो गॅरेजवाला गाड्या धुतो, त्याचं?"

"त्याचंही इथंच येतं. आणि इथून पुढं खाडीत, गोराईच्या बाजूला. तिथल्या लोकांच्या जाळ्यात."

"अहो, पण मी त्या गॅरेजवाल्याशी बोलतसुद्धा नाही!"

मुलं खिदळली. नातीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "आबा, तुम्ही वर्गात नाही आहात."

तेवढ्यावर सगळ्यांना कळलं की मी तिचा कोण.

दर शनिवारी ती मुलं येऊ लागली. बाईने काठाचे तुकडे पाडून दिले. एकेका गटाने एकेक तुकडा सांभाळायचा. साफ करायचा, तिथं काय उगवतं, कोणते पक्षी येतात, पाणी कुठपर्यंत चढतं, ते बघायचं. माझ्या अळवाचा तुकडा नेमका नातीच्या गटाला आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरातलं घरातच राहिलं. मीही मग शनिवारी जरा अगोदरच जाऊन बसायचो. मुलींनी फोम ओढून काढलं तेव्हा मी दुसरं टोक धरलं. एकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लहानपणी इथं पोहायचात का?" मी म्हटलं, "मी लहानपणी इथं नव्हतोच. आणि असतो तरी नाल्यात कशाला पोहलो असतो?" बाई हसून म्हणाली, "तेव्हा लोक पोहायचे म्हणतात." आता हे आणखी एक. लोक पोहायचे म्हणजे नदी होती. मग ती नाला कधी झाली? कोणत्या दिवशी? मी तर पहिल्या दिवसापासून नालाच बघतोय. का पहिल्या दिवशी मी नीट बघितलं नव्हतं?

हा असा गुंता डोक्यात घेऊन मी घरी यायचो आणि आमची ही विचारायची, "काय शिकलात आज शाळेत?"

मग त्या बाटल्या आल्या.

औषधाच्या असतात तशा लहान बाटल्या, आत काहीतरी लावलेला कागद. पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस घरात उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर ते काळं पडतं. नातीने तीन बाटल्या घरी आणल्या. एक आमच्या नळाची, एक अळवाच्या वरच्या बाजूची, एक अळवाच्या खालच्या बाजूची. ठेवायच्या कुठं यावरून भांडण. हिने देवाच्या फळीला हात लावू दिला नाही. "गटाराचा पाणी देवाकडे? तुमका कोणी सांगला?" शेवटी टीव्हीच्या डब्यावर ठेवल्या. तो डबा कायम गरम असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाची बाटली होती तशीच. नाल्याच्या दोन्ही काळ्या. काळ्या म्हणजे डांबरासारख्या.

"कागदालाच रंग असेल," मी म्हटलं.

"मग नळाची का नाही झाली?"

मी बाटल्या उचलून खिडकीत नेल्या. उजेडात धरल्या. "ही बघ, अळवाच्या खालची. ही जरा कमी काळी आहे."

"आबा, काळं म्हणजे काळं. त्यात कमी-जास्त नसतं."

"नीट बघ तरी."

तिने बघितलं नाही. दप्तर भरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "आपण ते खातो, आबा."

"इतकी वर्षं खातोय. कोण मेलं?"

तिने दप्तर खांद्याला अडकवलं आणि निघाली. मला वाटलं मी जिंकलो.

पुढच्या शनिवारी बाईने प्रत्येक गटाला उभं करून विचारलं, तुमच्या तुकड्यात काय काय आहे? नातीची पाळी आली. मी तिच्यापासून दोन हातांवर बसून तण काढत होतो. तिने खेकडे सांगितले, बगळा सांगितला, पाईप सांगितले. मग म्हणाली, "आणि अळू आहे."

"कोणी लावलंय?"

"कोणी नाही," माझी नात म्हणाली. "जंगली आहे. आपोआप आलंय. कोणी खात नाही."

जंगली! मी उभाच राहिलो. "खोटं बोलते ती! मी लावलंय. गावाहून कंद आणून लावलंय. सगळी चाळ खाते. ऋषीच्या भाजीला दुसरं अळू कोणाला चालत नाही. विचारा जाऊन!"

कोणी हसलं नाही. सगळ्या मुली नातीकडे बघत होत्या आणि ती माझ्याकडे. असं बघणं मी तिच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं.

बाईने मुलांना पाणी मोजायच्या काठीकडे पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन दगडावर बसली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आजोबा, झाडं झकास आहेत," ती म्हणाली. "ती काढू नका. मुळांनी काठ धरून ठेवलाय. पाण्यातली थोडी घाणही ती शोषून घेतात. नदीला त्यांचा उपयोग आहे."

"मग झालं तर!"

"पण शोषलेलं जातं कुठं? पानात, देठात. म्हणून खायला मला भीती वाटते."

"उकळून खातो आम्ही. चिंच घालून."

"उकळल्यावर जंतू मरतात. गॅरेजचं तेल, रंग, बॅटरीतलं काय काय, ते उकळून जात नाही."

"म्हणजे माझं अळू विषारी आहे?"

"तसं मी म्हणत नाही. आपण फक्त पाण्यातले जंतू बघितलेत. पान तपासलेलं नाही. मला खात्रीने सांगता येणार नाही."

"चांगलं आहे की वाईट, एक काय ते सांगा."

"नदीसाठी चांगलं. ताटासाठी, मला माहीत नाही."

मी गिरणीत असताना मुकादम असं बोलला असता तर आम्ही त्याला चालू पडायला सांगितलं असतं. अरे, धागा तुटलाय की नाही तुटला? पण ही पोरगी उडवाउडवी करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं आणि तसं ती तोंडावर सांगत होती. माहीत नाही म्हणणाऱ्या मास्तरणीचं काय करायचं, ते मला चौथीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. तिने जाता जाता ड्रममध्ये माती घालून नळाच्या पाण्यावर अळू लावा म्हणून सुचवलं. मी म्हटलं, अळवाला पाय सोडायला जागा लागते, ते काय तुळस आहे? हे मात्र मी ठणकावून सांगितलं. एवढंच सांगता आलं.

घरी नात उसळली. "मी तुम्हाला वाचवत होते!"

"वाचवायला मी बुडत होतो?"

"सगळ्या मुली आता म्हणतायत, ही गटारातली भाजी खाते. मी सांगितलं होतं ना कोणी खात नाही म्हणून? संपलं असतं ना तिथंच?"

"माझ्या अळवाला जंगली म्हणालीस तू."

"मग काय म्हणू? आबांचं अळू, बाटली काळी?"

ही आतून ओरडली, "तुमका कळना नाय तर गप रवा दोघांनी! चेडवाक जेवूक देशात की नाय?"

पण मुलगी जेवली नाही, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायची बंद झाली. कामापुरतं बोलायची. आबा, उठा, मला अभ्यास करायचाय. आबा, चार्जर द्या.

मी रोज मागं जाऊन अळू बघायचो. पावसाने ते आणखी फोफावलं होतं. पूर्वी पान बघितलं की मला पान दिसायचं. आता मी देठ कापून आत बघत होतो, काही दिसतंय का. पांढरं, पाणीदार, नेहमीसारखं. वास घेतला. अळवाचा वास. इतकं जोमात वाढतं ते या घाणीमुळेच, असंही मला सुचायला लागलं. पण शेण घातल्यावर वाढतं तेव्हा आपण कुठं नाक मुरडतो? मग शेण चांगलं आणि मैला वाईट? का मैला चालेल पण गॅरेज नको? आणि जे अळू बैलाशिवाय उगवलं म्हणून पवित्र, त्याला हजार माणसांची मोरी लागली तर ते पवित्र राहिलं का? ऋषींना हे कोणी विचारलं होतं का? मी एकदा हिला विचारलं, तर ती म्हणाली, "ऋषींच्या टायमाक गॅरेज नव्हता."

चतुर्थीची दुपार आली. वरच्या घरातली आरती संपली आणि समोरची वहिनी भगदाडातून खाली उतरली. मागं आणखी बायका. वहिनीच्या हातात पिशवी.

"भावजी, कोवळी बघून द्या हं. गेल्या वर्षी त्या शेवटच्या खोलीतलीला चांगली दिलीत आणि मला जून."

मी कोयता घेऊन उभा. हात काही वर होईना.

"काय झालं?"

"वहिनी, ते पाणी. शाळेतल्या मुलांनी बाटलीत घातलं तर काळं झालं."

"बाटलीतलं कोण पितंय?" ती म्हणाली, आणि बायका हसल्या. "आम्ही अळू न्यायला आलोय."

"अळवात उतरतं म्हणतात काहीतरी."

"कोण म्हणतं?"

"बाई म्हणते. म्हणजे, म्हणत नाही. तिला माहीत नाही."

"तिला माहीत नाही, मग तुम्ही कशाला घाबरता? इतकी वर्षं खातोय, कोण मेलं?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर त्यात काही नव्हतं.

"मी तोडून देणार नाही," मी म्हटलं.

"मग आम्ही तोडतो. गुडघे दुखत असतील तुमचे."

मी बाजूला झालो. हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. बायकांनी आपापलं तोडलं, एकमेकींना चिमटे काढत, चिखलात चपला रुतवत. अगदी दरवर्षीसारखं. फक्त मी देत नव्हतो. घरी आलो तेव्हा नात दारात बसून एकेकीच्या पिशवीतून डोकावणारी पानं बघत होती. पिशव्या मोजल्यासारखी बघत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

पंचमीला आमच्या हिने अळवाशिवाय भाजी केली. मला विचारलंसुद्धा नाही. भोपळा, माठ, शिराळी होती, पण चमच्याला धरून राहील असं त्यात काही नव्हतं. दुपारी वहिनी वाटी घेऊन आली. वाटीत माझं अळू. ते मी कुठंही ओळखेन, असा जाड देठ बाजारात मिळत नाही. चिंचेचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, हेही लिहितो.

वहिनी दारातच उभी राहिली, माझा घास बघायला. तिच्या मागं पायरीवर बाकीच्या वाट्यांचं ताट. नात आतल्या दाराला टेकून उभी होती. अभ्यासाचं पुस्तक हातात, डोळे माझ्या हातावर.

मी वाटी घेतली. धरून बसलो.

"गार होईल," वहिनी म्हणाली.

"आज मला नको."

"पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग? आमच्या हातचं चालेनासं झालं का?"

"तसं काही नाही हो. मला कळत नाही, वहिनी. अळू चांगलं आहे की नाही तेच मला कळत नाही. म्हणून खात नाही."

तिने मागच्या ताटाकडे बघितलं. मला वाटलं, समजली. मग म्हणाली, आणि आवाज अजिबात चढवला नाही, "काल तुमच्या डोळ्यांसमोर तोडलं. तेव्हा बाजूला उभे राहिलात. आम्ही आणि आमच्या पोरांनी खायचं, आणि तुम्ही स्वतः तोंड मिटून बसायचं. वा, भावजी."

वाटी तिने माझ्या हातातून घेतली नाही. तशीच गेली.

आयुष्यात मी पुष्कळ भांडलो. मुकादमाशी, मालकाशी, पाण्याच्या रांगेत. दरवेळी मला माहीत असायचं की मी बरोबर आहे. निदान तसं वाटायचं तरी. या वेळी ती बरोबर होती आणि मी चूक कुठं केली ते मला सापडत नव्हतं. अळू लावलं ती? बाजूला झालो ती? का घास घेतला नाही ती?

नात पुढं आली. माझ्या हातातली वाटी घेऊन तिने ओट्यावर झाकून ठेवली. "आबा," ती म्हणाली, "बाकीच्यांनी अजून खाल्लं नसेल."

लुंगी सोडून पँट चढवली आणि निघालो. ती मागोमाग आली. घराघरात जायचं आणि काय सांगायचं? पहिल्या दारात मी म्हटलं, "माझं अळू खाऊ नका." त्यांनी विचारलं, "का?" आणि मी अडकलो. पुढच्या दारात म्हटलं, "मी स्वतः खाल्लेलं नाही, का ते मला नीट ठाऊक नाही, तुमचं तुम्ही बघा." हे जरा बरं वाटलं, खरं होतं म्हणून. एकीने मुलाच्या हातातला चमचा तिथल्या तिथं काढून घेतला. एकीने सांगितलं, "संपलंसुद्धा, आबा, फार छान होतं," आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, कुठं काय होतंय का म्हणून. एक म्हातारा, माझ्या बरोबरीचा, बोटं चाटत म्हणाला, "ए, वाट लागली रे तुझी! पोरीने शाळेत घातलं तुला?" मी त्याला शिवी दिली. वहिनीच्या दारात गेलो तर दार आतून लावलेलं होतं. मी बाहेरून तेच वाक्य म्हटलं. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

परत येताना नात म्हणाली, "पान तपासून मिळतं का कुठं, मॅडमना विचारू?"

"विचार."

बाईने विचारलं. तिच्या ओळखीत कोणीतरी प्रयोगशाळेत आहे, पान चालेल म्हणाली, देठासकट आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून. शनिवारी मी लवकर उठून मागं गेलो आणि सगळ्यात चांगलं पान शोधायला लागलो. नात भगदाडात उभी.

"आबा, कुठलंही द्या. मॅडम म्हणाल्या, मधलं साधं पान द्या."

"द्यायचं तर चांगलं द्यायचं."

"प्रदर्शनाला नाही जात ते! निवडून दिलं तर तपासणी चुकेल."

मी पाच पानं धरली, पाच सोडली. जून दिलं तर म्हणतील म्हाताऱ्याने भोंगळ माल लावलाय. कोवळं दिलं तर त्यात अजून काही उतरलंच नसेल आणि खोटं चांगलं येईल. मधलं म्हणजे नेमकं कुठलं? आणि मनातून मला काय यायला हवंय? चांगलं आलं तर वहिनीला पिशवीभर नेऊन देईन आणि गॅरेजवाला, पाईप, काळ्या बाटल्या यांचं काय समजायचं ते मग मला कळणार नाही. वाईट आलं तर इतक्या वर्षांच्या वाट्यांचं काय समजायचं?

शेवटी नातच चिखलात उतरली. डोळे मिटले, हात घातला, जे हाताला लागलं ते देठापासून कापलं. बऱ्यापैकी पान होतं. एका कडेला अळीने खाल्लेलं. मी म्हटलं, "ते नको, त्याला अळी लागलीय." ती म्हणाली, "अळी तरी मेली नाही ना?" आणि हसली. कित्येक दिवसांनी हसली.

मी फडकं ओलं करून पान गुंडाळलं. तिने ते दप्तरात पुस्तकांच्या वर, चेंगरणार नाही असं ठेवलं.

उत्तर अजून आलेलं नाही. बाई म्हणते वेळ लागतो. वहिनी पाण्याच्या नळावर माझ्या पुढं उभी राहते आणि आपली कळशी भरून जाते, बोलत नाही. शनिवारी मी मुलींबरोबर काठावर असतो. त्या मला विचारतात, "आजोबा, हे काढायचं की ठेवायचं?" मी म्हणतो, ठेवा, आणि लगेच वाटतं, काढा म्हणायला हवं होतं का.